पाच लिटरचा संशय

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. टाकी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची हत्तीएवढी काळी टाकी येईल. ती मी नव्हे. मी दोन लिटरची, दुधी प्लास्टिकची, पोटात काय आहे ते बाहेरून दाखवणारी. गाडीचे इंजिन तापू नये म्हणून त्यात एक रंगीत, गोडूस वासाचे पाणी फिरत असते. त्याला कूलंट म्हणतात. इंजिन तापले की ते फुगते आणि जास्तीचे माझ्याकडे येते. इंजिन निवले की मी ते परत करते. घेतलेले परत करायचे, एवढाच माझा धंदा. तरीही माझ्या वाट्याला आयुष्यभर संशयच आला.

त्याची सुरुवात जन्मल्या दिवसापासून झाली. साच्यातून मी गरमागरम बाहेर पडले, तर कारखान्यातल्या एका बाईने मला पाण्यात बुडवले आणि बुडबुडा निघतो का ते डोळे बारीक करून पाहिले. बुडबुडा निघाला नाही. तिचे समाधान झाले नाही. तिने मला पुन्हा बुडवले. मग शेजारणीला म्हणाली, "ठीक दिसतेय. बघू किती दिवस टिकते." हे माझे पहिले कौतुक.

पुढे मला एका मोटारहोममध्ये बसवले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे दोन बैठका, मध्ये शेगडी आणि बेसिन, दोन्ही अंगांना कपाटे, पार मागे पलंग. इंजिन दोन बैठकांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली. माझी जागा तिथेच. झाकण लावलेले असले तरी घरातले बोलणे ऐकू येई, आणि काढले की थेट पलंगापर्यंतचे दिसे. इतके काही कानावर पडले की मी माणूस असते, तर शेजारीण म्हणून चांगले नाव काढले असते.

त्या घराचे मालक घड्याळजी होते. मनगटावरच्या घड्याळांचे नव्हेत. शाळांच्या, गिरण्यांच्या, कचेऱ्यांच्या मनोऱ्यांवर जी मोठी घड्याळे असतात, त्यांचे. चार दिवस एका गावात मनोऱ्यावर चढायचे, पाचव्या दिवशी गाडी पुढच्या गावाला. माणूस कामाला चोख. पण सगळ्या गावाने ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच घड्याळ सात मिनिटे मागे आहे, हे आयुष्यभर पाहून पाहून त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. चहाच्या डब्याला आतून पेन्सिलीची खूण, तेलाच्या बाटलीला खूण, साबणाच्या वडीलासुद्धा खूण. माझ्या अंगावर कारखान्याने दोन रेघा दिल्या होत्या, खालची 'कमी'ची आणि वरची 'पुरे'ची. त्यांना त्या पुरल्या नाहीत. रोज सकाळी झाकण काढून ते मेणाच्या पेन्सिलीने स्वतःची तिसरी रेघ मारत.

"अहो, ती काय चोरून पिते का?" त्यांची बायको विचारायची.

"पीत नाही याला पुरावा काय?" ते म्हणायचे.

या बाई मात्र शांत होत्या. नवऱ्याच्या संशयाला त्या घरातल्या खांबाला घालावा तसा वळसा घालून जात. दोघांना एकच लेक. चार वर्षांपूर्वी तिने एका मेकॅनिकशी लग्न केले. घड्याळजी लग्नाला गेले, जेवले आणि निघाले. त्यानंतर लेकीच्या घराची पायरी ते चढले नाहीत. मेकॅनिक म्हणजे चांगला भाग काढून जुना बसवणारा माणूस, असे त्यांचे ठाम मत. त्यात हा जावई. म्हणजे संशय दुप्पट. कुणी विचारलेच, की लेकीकडे का जात नाही, तर म्हणत, "त्या रस्त्याला घड्याळं नाहीत."

माझ्यातले कूलंट कधीकाळी पोपटी हिरवे होते. सहा वर्षांत ते शिळ्या चहासारखे झाले. गाडीच्या पुस्तकात ते दर काही वर्षांनी बदला असे लिहिले होते, पण ते पुस्तक कंपनीने स्वतःचे कूलंट खपवायला छापले, अशी घड्याळजींना शंका होती. शेवटी डोंगरावरच्या एका गावाचे काम आले. चढ मोठा, थंडी कडक. बाईंनी तेवढे धरून ठेवले.

"घाट चढायचाय. पाणी बदलायलाच हवं. आणि घरचा मेकॅनिक असताना बाहेर कशाला जायचं?"

"घरचा?"

"मग काय, शेजारचा?"

घड्याळजींनी गाडी लेकीच्या गावाकडे वळवली. बाईंच्या मनात कूलंट नव्हते, हे मला ठाऊक होते. त्यांना लेकीचे घर पाहायचे होते. पण लेकीने फोनवर आधीच सांगून ठेवले होते, "आई, बाबांना आण. मला हवेच आहेत ते. पण ही एकच वेळ. माझ्या घरात माझ्या नवऱ्याला कुणी चोर म्हटलं, तर मग बाबा असोत की आणखी कोण असो, दार बंद." म्हणजे बघा मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात कूलंट भरायचे होते, पण पणाला लेकीचे माहेर लागले होते.

जावयाचे गॅरेज घराला लागूनच होते. मोठ्या पंजांचा, कमी बोलणारा माणूस. सासऱ्यापुढे तर आणखीच कमी.

"मामा, इंजिन निवू दे. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येते."

"किती वेळ?"

"दोन तास तरी."

घड्याळजी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. बरोबर एक तास पन्नास मिनिटांनी म्हणाले, "दहा राहिली."

जावयाने रेडिएटरखाली पसरट घमेले सरकवले आणि तळाचा नळ सोडला. जुने कूलंट काळपट धारेने पडू लागले. वासाने एक कुत्रे आले. जावयाने त्याला हाकलले. "गोड लागतं, पण विष असतं," तो म्हणाला आणि घमेले भरले की लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओतत गेला. घड्याळजी एकेक कॅन मोजत होते.

"पुस्तकात बावीस लिटर लिहिलंय."

"हो मामा."

"निघालं सतरा."

"जुनी गाडी आहे. थोडं आटलं असेल. थोडं इंजिनाच्या खबदाडीत अडकून राहतं."

"पाच लिटर. खबदाडीत," घड्याळजी म्हणाले. खरे सांगते, मलाही ते पटले नाही. माझ्यात पाणी रेघेला होते, मग आटले कुठून? पाच लिटर म्हणजे काही घोटभर नव्हे. मीही त्या जावयाकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहू लागले.

मग धुण्याचे काम. साधे पाणी भरायचे, इंजिन सुरू करायचे, वरचा रबरी पाइप गरम झाला की बंद करायचे, निवू द्यायचे, सोडून द्यायचे. पहिले पाणी तपकिरी निघाले. दुसऱ्या वेळेआधी जावयाने विचारले, "मामा, मागच्या हीटरचा कॉक उघडा आहे ना? त्या पाइपातही जुनं पाणी असतं."

हे तुम्हाला समजावून सांगते. आमच्या घरात पलंगाखाली एक छोटा हीटर होता. थंडीत इंजिनाचे गरम पाणी दोन लांब पाइपांतून तिथवर जायचे आणि पलंगाची बाजू उबदार करायचे. त्या पाइपावर एक कॉक होता. उघडला की पाणी फिरायचे, बंद केला की जिथल्या तिथे थांबायचे.

घड्याळजींना एका शब्दात उत्तर देता आले असते. त्यांनी दिले नाही. हाताची घडी घालून म्हणाले, "मेकॅनिक तुम्ही. बघा."

जावई दारापाशी गेला, तर मागून आवाज आला, "आत जाऊ नका. पलंगावर घड्याळाची चक्रं मांडलीत. एक इकडचं तिकडे झालं तर मी महिनाभर शोधत बसेन."

जावयाने पायरीवरूनच टॉर्च मारला. वाकून वाकून पाहिले. "उघडा दिसतोय," तो म्हणाला.

"दिसतोय ना? मग झालं."

चौथ्या वेळी पाणी स्वच्छ निघाले. जावयाने नवे गुलाबी कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मे निम्मे करून हळूहळू ओतले, पाइप दाबून दाबून आतली हवा काढली, आणि शेवटी मला वरच्या रेघेपर्यंत भरले. लेक चहा घेऊन आली होती. "आई, बघ गं. सरबतासारखं दिसतंय." इतके चांगले माझ्याबद्दल कुणीच बोलले नव्हते.

"सरबतातही पाणीच जास्त असतं," घड्याळजी म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी चहा प्यायला सुरुवात केली.

मुक्काम मात्र बरा झाला. सकाळी निघताना जावयाने सुटे कूलंट एका कॅनमध्ये भरून दिले. "थंड इंजिनावर रोज बघा मामा. दोन-चार दिवस थोडं खाली जाईल. हवा निघते."

गाडी कोपऱ्यावर वळताच घड्याळजी बाईंना म्हणाले, "बघितलंस? आधीच सांगून ठेवलं. म्हणजे नंतर आपण विचारायला नको."

दोन दिवस मी गुलाबी राहिले. घड्याळजी दोन्ही दिवस रेघा मारत होते. पातळी बोटभरही उतरली नाही, तर त्यांना त्याचाही संशय आला. "हा म्हणाला होता खाली जाईल. का जात नाही?"

तिसऱ्या दिवशी आम्ही अर्धा घाट चढून एका सपाट जागी मुक्काम केला. गारठा हाडांत शिरत होता. दुसऱ्या सकाळी घड्याळजींनी झाकण काढले आणि माझ्याकडे बघतच राहिले. मी गढूळ झाले होते. गुलाबी कुठेच नव्हते. तपकिरी पाण्यात गंजाचे तंतू तरंगत होते, आणि पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती.

"सापडला," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग कमी होता. कितीतरी वर्षे शोधत असलेली वस्तू हाती लागावी तसा तो आवाज होता. बाई काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याने आमच्या गाडीत गटाराचं पाणी भरलंय. वरून दोन भांडी गुलाबी ओतलं आणि खाली तीच घाण. पाच लिटर कुठे गेले ते आता कळलं. चोर तो चोरच."

लेकीचा आवाज मलाही ऐकू आला, कारण तो चढलेला होता. "बाबा, मी आईला सांगून ठेवलं होतं. आता माझ्या घरी येऊ नका. आईला यायचं असेल तर आईने एकटीने यावं." फोन बंद झाला.

बाईंनी शेगडीवरचा चहा उतरवला. एकच कप भरला आणि स्वतःपुढे घेतला. घड्याळजींनी काचेची बरणी शोधली आणि माझ्यातले गढूळ पाणी तिच्यात काढून घेतले.

"हे काय करताय?"

"पुरावा. वरच्या गावातल्या मेकॅनिककडून लिहून घेतो."

"काल मुक्कामाला थांबलो तेव्हा कसं होतं?"

"गुलाबी."

"तीन दिवस गुलाबी होतं. मग जावईबापू काय पहाटे घाट चढून आले आणि घाण ओतून गेले?"

घड्याळजींनी बरणी उजेडाकडे धरून पाहिली.

"मी फक्त संध्याकाळी इंजिन तासभर चालू ठेवून पलंगाखालचा हीटर लावला," बाई म्हणाल्या. "गुडघे फार दुखत होते. बाकी कुणी कशाला हात लावलेला नाही."

मनोऱ्यावर चुकीचा ठोका ऐकला की घड्याळजी मान तिरकी करत. तशी त्यांनी मान तिरकी केली. बरणी ओट्यावर ठेवली. टॉर्च घेतला, मागे गेले आणि पलंगाखाली पोटावर आडवे झाले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते.

मित्रांनो, त्या कॉकचा मूळचा लाल दांडा तीन वर्षांपूर्वी मोडला होता. त्या वेळी घड्याळजींनी दुकानात न जाता एका शाळेच्या घड्याळाची पितळी चावी तिथे बसवली. बसवली सुबक, पण बसवली घड्याळजीच्या डोक्याने. चावी उभी, म्हणजे बारावर, तेव्हा बंद. आडवी, म्हणजे तीनवर, तेव्हा उघडी. बाईंना ते पाठ होते. पण बाकी साऱ्या जगात दांडा पाइपाच्या रेषेत असला की कॉक उघडा समजतात, आणि पाइपाला आडवा असला की बंद. पलंगाखालचा पाइप उभा होता. जावयाने पायरीवरून टॉर्च मारला तेव्हा त्याला उभ्या पाइपावर उभी चावी दिसली. उघडा दिसतोय, असे तो म्हणाला. जगातला कुठलाही मेकॅनिक तेच म्हणाला असता. ते पाच लिटर जुने पाणी मात्र मागच्या पाइपांत बसून राहिले, आणि बाईंनी चावी तीनवर नेताच ते मिसळत माझ्यापर्यंत आले; पाइपांत अडकलेली हवा निघाली तशी माझी पातळीही उतरली.

घड्याळजी पलंगाखालून बाहेर आले. केसांना कोळिष्टके. पलंगाच्या कडेवर बसले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हातात फिरवत राहिले. चावीला एकच स्क्रू होता. तो सैल करायचा, चावी पाव फेरा फिरवायची, पुन्हा आवळायची. मग कुणीही येऊन बघो, कॉक जगाच्या रीतीचा झाला असता आणि चूक जावयाची झाली असती. मला वाटले, आता ते करणार. मी त्यांना ओळखत होते, किंवा ओळखते असे मला वाटत होते.

बाई कप विसळत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "करायचं तर करा. मी कुणाला सांगणार नाही. मात्र यापुढे लेकीचा फोन आला की मला तिच्याशी खोटं बोलावं लागेल. ते काय बोलायचं, तेवढं आजच शिकवून ठेवा."

घड्याळजींनी स्क्रू-ड्रायव्हर पेटीत ठेवला. पेटी बंद केली. मग फोन लावला. या वेळी जावयाने उचलला.

"चूक माझी आहे," घड्याळजी म्हणाले आणि चावीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मध्ये एकदाही 'पण' म्हणाले नाहीत.

मग जावई म्हणाला, "मामा, पाण्याचं काही नाही, पाणी मी पुन्हा बदलून देईन. तुम्ही जे बोललात ते मला नाही, तिला बोललात. तिला सांगा."

"द्या तिला."

"घेत नाहीये."

"बरं."

"गाडी हलवू नका. दोन रंग मिसळले की आत चिखल धरतो. मी येतो तिकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॅन घेऊन आला. लेकही आली होती, पण ती त्याच्या गाडीतच बसून राहिली, काच वर करून. बाई जाऊन तिच्याशेजारी बसल्या. इकडे घड्याळजींनी पलंगावरची सगळी चक्रे स्वतः उचलून खणांत भरली आणि पलंग रिकामा केला.

"या आत," ते म्हणाले.

पलंगाखाली दोघे शेजारी शेजारी आडवे झाले. जावयाने चावीला हात लावून पाहिले. "बसवलीये छान, मामा. फक्त कुणाला सांगितलं नव्हतंत."

"तुम्ही विचारलं होतं."

"विचारलं होतं. तुम्ही चिडलात म्हणून हात घालून बघायचं राहिलं. पाच लिटर कमी निघालं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तुम्हाला घाबरलो."

"मला?"

"मग कुणाला?"

सगळे पाणी पुन्हा काढले. या वेळी कॉक उघडून. मागच्या पाइपांतले सहा वर्षांचे गाळपाणी निघाले, आणि घमेल्यातून कॅनमध्ये ओतताना घड्याळजी ते मोजायला विसरले. नवे भरून इंजिन सुरू केले, तेव्हा पलंगाखालून गरम वारा येऊ लागला.

तेव्हा लेक पायरी चढून आत आली. वडिलांसमोर उभी राहिली.

"आई म्हणत नाही, पण तिच्या तोंडावरून कळतंय. चावी गुपचूप सरळ करून टाकायचं मनात आलं होतं का?"

घड्याळजींनी बाईंकडे पाहिले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरही काढला होता."

"किती वेळ?"

"दोन-तीन मिनिटं."

"दोन की तीन?"

"चार असतील," ते हळू म्हणाले.

लेकीने ओठ घट्ट मिटले. ती रडू आवरत होती की हसू, ते मला माझ्या जागेवरून दिसले नाही. "मग बाकीचंही खरं सांगत असाल," ती म्हणाली. "वरचं काम आटपा आणि येताना घरी या. दोघंही."

"जावईबापूंची हरकत नाही ना?"

"त्याची हरकत नव्हतीच. माझी होती."

माझी गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण गंजाच्या गाळाने मी आतून डागाळले होते. मला कितीही धुतले तरी पातळी बाहेरून दिसेना. येताना ते लेकीकडे राहिले, तेव्हा जावयाने मला काढून नवी टाकी बसवली. चूक चावीची, डाग माझ्यावर. आता मी त्याच्या गॅरेजात फळीवर आहे. माझे तोंड कापून त्याने आत सुटे नट ठेवलेत. एखादा मापाचा नट सापडला नाही की तो मला हलवून बघतो आणि पुटपुटतो, "होता तर इथेच." माझ्यावरचा संशय गेला नाही, आणि माणसांची सवयही नाही.

पण एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरी गाडी असेल तर तिचे पाणी वेळच्या वेळी बदला, आणि बदलताना मागचा-पुढचा प्रत्येक कॉक हाताने उघडून बघा. निघालेले पाणी उघड्यावर सांडू नका, मुकी जनावरे ते पितात. टाकीत घाण दिसली तर टाकीवर ओरडू नका, ती फक्त दाखवते. आणि कामावर आलेल्या माणसाने काही विचारले, तर माहीत असलेले सरळ सांगून टाका. त्याची परीक्षा घेत उभे राहू नका.